खोडव्याला लागलेलं कूळ

लोक भाताचं शेत बघायला येतात ते पीक उभं असताना. फोटो काढतात, व्हिडिओ काढतात, लोंबी हातात धरून कौतुक करतात आणि जातात. माझं काम कापणी झाली की सुरू व्हायचं. सगळे घरी गेले, मळणी उरकली, की आम्ही मोकळ्या शेतात वाकून धसकटं मोजत बसायचो. बेंगळुरातल्या एका कृषी संशोधन केंद्रात भात विभागात मी तीसएक वर्षं फील्ड असिस्टंट होतो आणि त्यातली बरीचशी अशी वाकूनच गेली. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं, "आपण नेमकं काय करत होता?" मी म्हटलं, "कापलेलं भात परत कसं येईल ते बघत होतो." त्यांनी मान डोलावली आणि हवामानावर बोलायला लागले.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, नोकरीतले किस्से लिहा, पण टेक्निकल नको." आता टेक्निकल काढून टाकलं तर माझ्या नोकरीत डबा आणि पेन्शन एवढंच उरतं. तेव्हा एक परिच्छेद तुम्ही सोसा, पुढचे मी सांभाळतो.

ऊस तोडल्यावर बुडख्यातून दुसरं पीक येतं, त्याला खोडवा म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाताचाही तसाच खोडवा घेता येतो. भाताच्या काडीला बुडाशी दोन-तीन पेरं असतात आणि प्रत्येक पेराला एक डोळा. कापणीआधी आठ-दहा दिवस शेतातलं पाणी तोडायचं. काडी हिरवट असतानाच कापायचं आणि वीतभर बुडखा राखायचा. मग लगेच थोडा युरिया, आणि फुटवे दिसले की बेतानं पाणी. घाई करून आधीच पाणी सोडलं तर बुडखा कुजतो. रोपांचा तरवा टाकायला नको, चिखलणी नको, लावणी नको आणि दोन महिन्यांत दुसरं पीक हातात. ते पहिल्याच्या निम्मं आलं तर आम्ही पेढे वाटायचो. निम्म्याच्या निम्मं आलं तर अहवालात 'निष्कर्ष उत्साहवर्धक' असं लिहायचो.

आमची गिऱ्हाइकंही एकेक असायची. सर्जापूर रोडवरच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांनी गच्चीत बारा टबांमध्ये भात लावलं होतं. खोडव्याचा व्हिडिओ बघून त्यांनी ते कात्रीनं कापलं आणि रोज सकाळी मला फोन करायला लागले, की सर, अजून काही फुटत नाही. मी शेवटी बसनं गेलो. बघतो तर पीक पिवळंधमक वाळल्यावर कापलेलं, वर टबांत पाणी काठोकाठ. मी म्हटलं, "साहेब, केरसुणीला पानं फुटायची वाट बघताय तुम्ही." त्यांनी हे वाक्य लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी हिरवं असताना कापलं, खोडवा आला आणि मूठभर तांदळाचा भात मला फोटोतून दाखवला.

पण सांगायची गोष्ट मुनियम्माअक्काची आहे.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, घरात मराठी आणि बांधावर कन्नड असा वाढलेला. तरी बेंगळूरकडची कन्नड कानाला वेगळी लागते. तिथं खोडव्याला 'कूळे' म्हणतात आणि भाताच्या पिकाला 'भत्ता'. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आमचे डॉक्टर, म्हणजे भात विभागाचे शास्त्रज्ञ, मला म्हणाले, "भत्ता एष्टु बंतु?" मी आनंदानं सांगितलं, की अजून काहीच मिळाला नाही सर. ते विचारत होते भात किती आलं, आणि मी प्रवासभत्त्याची वाट बघत होतो. हा घोळ मी पुढं कितीतरी लोकांना हसत हसत सांगितला. तोच एक दिवस एका म्हातारीच्या कामाला येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मुनियम्माअक्काची दहा गुंठे भाताची खाचरं सर्जापूर रोडच्या आत, एका तळ्याच्या खाली. नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे आणि एक मुलगी. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही शेतकऱ्याच्या शेतात खोडव्याचा पहिला प्रयोग केला तो तिच्याकडं. कापणीला तिच्या हाताखाली चार बायका. मी त्यांना हातानं दाखवून सांगितलं, "ओंदु गेणु बिडी," म्हणजे वीतभर राखा. अक्का म्हणाली, "सरी, सरी." मी समोरच्या झाडाखाली डबा खाऊन परत येतो, तर शेत जमिनीलगत गुळगुळीत कापलेलं. वर्षाचा प्रयोग पाच विळ्यांनी एका दुपारी साफ करून टाकला होता.

मी ओरडलो. अक्का माझ्याहून मोठ्यानं ओरडली. मग कळलं ते असं, की तिकडं वरवर कापणं म्हणजे आळशी बाईचं लक्षण. म्हशीला पेंढा लांब हवा, म्हणून चांगली कापणारी ती, जी मातीला विळा लावून कापते. बांधावरून जाणाऱ्यानं वीतभर धसकटं बघितली तर हिला काम येत नाही असं गावभर होणार. मी त्या बायकांना थोडं काम सांगतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यांना चारचौघांत बेअब्रू व्हायला सांगत होतो. याची जाणीव आमच्या एकाही अहवालात नव्हती आणि मला त्या दिवशी मनातून फार शरम वाटली.

पुढच्या वर्षी अक्कानं अट घातली, की शेताच्या तोंडाशी पाटी लावा. मी पत्र्यावर रंगवून आणली, 'इदु प्रयोग', म्हणजे हा प्रयोग आहे. अक्काला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी तिनं पाटी दोनदा सरळ करून घेतली. मग बायकांना म्हणाली, "आता कापा वरून. लाज सरकारची."

तो खोडवा असा आला, की डॉक्टरांनी खरोखरच पेढे आणले. त्यानंतर अक्का दर उन्हाळी पिकाला आपणहून कूळे राखायला लागली, आणि चार-पाच वर्षांत या कामात माझ्या पुढं गेली. आम्ही काडीचा हिरवेपणा रंगांचा तक्ता धरून ठरवायचो. ती काडी दातानं चावायची आणि सांगायची, "आज नाही. परवा." परवाच बरोबर असायचं. माझ्या नावावर डॉक्टरांनी जे कौतुक जमा केलं त्यातलं निम्मं तिच्या दातांचं आहे.

तिचं भात तांबडं, जाड, बुटक्या काडीचं. आम्ही त्याला केंद्रात एक नंबर दिला होता. ती नुसतं 'नम भत्ता' म्हणायची, आपलं भात. लग्नात आईनं पदरात बांधून दिलेलं बी, दरवर्षी तिनंच राखलेलं. आमच्याकडं पूर्वी एक नमुना होता, पण शीतपेटी बिघडली त्या वर्षी तो गेला. तेव्हा जगात ते बी फक्त अक्काच्या कणगीत होतं.

माझ्या निवृत्तीला वर्ष झालं आणि अक्काच्या मुलांनी शेत विकलं. मुलं वाईट नव्हती. एकाचं पीजी चालतं, दुसऱ्याच्या गाड्या आहेत, आईला दोघंही जीव लावतात. पण चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेले, तळ्याचं पाणी कधी यायचं कधी फेसाळायचं, आणि शेतात उतरणारं घरात अक्काशिवाय कुणी नाही. करारात एवढंच होतं, की उभं पीक निघाल्यावर ताबा द्यायचा. अक्का समोरच्याला 'कणप्पा' म्हणायची, म्हणजे बाबा रे. ती मला फोनवर म्हणाली, "जाऊ दे कणप्पा. हे पीक घेते, बी मुलीला देते." मुलगी मालूरकडं दिलेली. तिची थोडी जमीन पाण्याखाली आहे आणि ती स्वतः कसते. अक्काचा सगळा हिशेब त्या बियाण्यावर होता.

मे महिन्यात, कापणीला चार दिवस असताना, गारा पडल्या. अर्धा तास. मी तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा अक्का बांधावर बसली होती. पिकलेला दाणा न् दाणा गारांनी झोडून चिखलात पाडला होता आणि त्यातल्या बऱ्याच दाण्यांना पावसाच्या ओलीनं कोंब यायला लागले होते, उरलेले कुजायला लागले होते. कणगीतलं बी तिनं सगळं पेरणीला काढलेलं. साठ वर्षांचं बी अर्ध्या तासात संपलं होतं.

मग अक्का उठली, शेतात उतरली, एक काडी उपटली आणि चावली.

"हसिरु इदे," ती म्हणाली. हिरवी आहे. त्याच दिवशी तिनं एकटीनं ती रिकाम्या लोंब्यांची काडं वीतभर राखून कापायला घेतली. मी विळा घेतला, पण माझी कापणी बघून तिनं मला युरिया आणायला पाठवलं.

बाराव्या दिवशी निखिल जेसीबी घेऊन तिथं पोचला. निखिल म्हणजे ज्या कंपनीनं ती जमीन घेतली तिचा साइट इंजिनियर. पुण्याचा, वय अठ्ठावीस, बेंगळुरात येऊन सहा महिने झालेले. कन्नड येते का विचारलं तर म्हणायचा, "स्वल्प स्वल्प." पीक मे महिन्यात कापलं गेलं, हे त्याला मुलांकडून कळलं होतं. शेतात नुसती धसकटं दिसत होती. तेव्हा जमीन सपाट करून घ्यायला तो आला, तर एक म्हातारी जेसीबीच्या पुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कूळे इदे कणप्पा! कूळे! मुट्टबेडा!" म्हणजे खोडवा आहे बाबा, हात लावू नकोस.

मराठी माणसाच्या कानात काय शिरलं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. कुळे! जमिनीत कुळे आहेत! एक नाही, अनेक! निखिलच्या आजोबांची जमीन कूळ लागून गेलेली, त्याची कहाणी घरात अजून जेवताना निघते. त्याच्या पायाखालची वाळूच सरकली. त्यानं हातवारे करून विचारलं, की मग आता पुढं काय? अक्का ठामपणे म्हणाली, "नम भत्ता बरबेकु." आपलं भात यायचं आहे. निखिलनं ऐकलं, की कुळांचा भत्ता यायचा बाकी आहे. त्यानं जेसीबी परत पाठवला आणि तिथूनच पुण्याच्या हेड ऑफिसला कळवलं, की साइटवर एकाहून जास्त कुळे असून ती भत्ता मागत आहेत.

हे मला कळलं आठवड्यानं, तेही त्याच्याकडूनच. मंडळातल्या कुणी त्याला माझा नंबर दिला होता. "काका, तुम्हाला कन्नड वाचता येतं ना? एका साइटची पहाणी बघायची होती. लीगलनं पूर्ण साइट होल्डवर टाकलीय. टेनंट्स निघालेत." पहाणी म्हणजे तिकडचा सातबारा. मी विचारलं, साइट कुठली. त्यानं सांगितलं. मी विचारलं, आजी काय म्हणाल्या. त्यानं तेही, जसंच्या तसं, सांगितलं.

मी फोन तोंडापासून लांब धरला. हसू दाबायचं म्हणून खोकलो. "या रविवारी," मी म्हटलं. "पहाणी वाचून देतो."

मी पहाणी प्रामाणिकपणे वाचून दिली. त्यात कूळ नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, की लीगलवाले म्हणतात, नोंद नसलेलीच कुळं धोक्याची. अक्काच्या मुलांना विचारलं होतं का, मी म्हटलं. "विचारलं ना. ते म्हणाले, नो टेनंट. पण काका, विकणारा नोच म्हणणार." इंग्रजीत विचारल्यामुळं कूळे हा शब्द मुलांच्या कानावर पडलाच नाही, नाहीतर त्यांनी एका मिनिटात उलगडा केला असता. मीही तो करू शकलो असतो. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो.

तीन आठवडे गप्प बसलो. खोटं मी एकही बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, ती काही ऐकून घेत नव्हती. "तुमचं भात वाढालंय आणि त्या पोराचं वजन उतरालंय," ती म्हणायची. निखिल दर रविवारी यायला लागला होता. आम्ही राहतो त्या मारतहळ्ळीच्या इंग्रजी पाटीत मराठा दिसतो, पण तिथं मराठी ऐकू येते ती आमच्या स्वयंपाकघरापुरती. एकटा राहणारा मुलगा तेवढ्यासाठी अर्धा तास ट्रॅफिकमधून यायचा आणि भाकरी मोडता मोडता तालुका कचेरीच्या फेऱ्या सांगायचा. इकडं खोडवा गुडघ्याला लागला होता, पोटरीत आला होता, म्हणजे लोंबी पानाच्या आत भरत होती. मी माझ्या पंगतीला जेवणाऱ्या पोराला फसवत होतो, आणि तो मला काका म्हणत होता.

एका रविवारी तो जेवलाच नाही. "उद्या लीगलचे सर पुण्याहून येतायत," तो म्हणाला. "आजींवर आणि त्यांच्या मुलांवर केस टाकणार. फसवणुकीची. आणि मला परत बोलावतील, नक्की."

सुनंदानं वाढायचा डाव भांड्यात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं न बघताच मी सांगायला सुरुवात केली.

मी सगळं सांगितलं. मग निखिल हळूच म्हणाला, "म्हणजे कूळे म्हणजे... धसकटं?"

"धसकटातून येणारं पीक. खोडवा."

"काका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, "मी महिनाभर धसकटांचं आधार कार्ड शोधतोय! ऑफिसात माझं नाव कूळकर्णी पडलंय!" तो ताटावरून उठला. चपला घालायला लागला. मी माफी मागितली, ती त्यानं घेतली नाही. दारातून मात्र वळून म्हणाला, "दाखवा मला. आत्ता."

आम्ही शेतावर गेलो. अक्का पाण्याची मोरी अडवत होती. खोडवा कमरेला आला नव्हता, खोडवा बुटकाच असतो, पण लोंब्या निसवल्या होत्या आणि वाकायला लागल्या होत्या. अक्कानं एक दाणा खुडून निखिलच्या अंगठ्याखाली दिला. त्यानं दाबला. पांढरं दूध आलं. "हालु," अक्का म्हणाली. मी म्हटलं, दाणा दुधात आहे, अजून वीसएक दिवस. बियाण्याचं सगळं मी त्याला तिथं बांधावर उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं बोटाला लागलेलं दूध बराच वेळ पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लीगलचे सर आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बांधावर तोल सांभाळत उभे. मी मुद्दाम गेलो होतो, जे होईल ते माझ्या समोर व्हावं म्हणून. निखिल त्यांना म्हणाला, "सर, कूळ कुठलंच नाही. माझी ऐकण्यात चूक झाली. पण ॲग्रीमेंटमध्ये उभं पीक निघाल्यावर ताबा असं आहे. हे उभं पीक."

"पीक मे महिन्यात कापलं ना?"

"कापलं सर. परत आलं."

सर वाकले, लोंबी हातात घेतली, खाली काडीचा जुना कापलेला शेंडा बघितला. "परत येतं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, येतं. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. "म्हणजे तुम्ही हे कापलं, की पुन्हा येणार? असं किती वेळा? आम्ही ताबा घ्यायचा कधी?"

अक्काला मी कन्नडमध्ये प्रश्न सांगितला. ती पदर तोंडाला लावून हसली. सर हसले नाहीत. त्यांना लेखी हवं होतं, तज्ज्ञाकडून. निखिलनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि मी सांगितलेलं टाइप केलं, की या कापणीनंतर सदर शेतात हे पीक पुन्हा येणार नाही. प्रिंट काढून संध्याकाळी घरी आणलं. कापलेलं भात परत येतं, हे मी उभ्या नोकरीत गावोगाव सांगत फिरलो. लोकांनी ऐकावं म्हणून पाट्या रंगवल्या. आणि या विषयावरची माझी शेवटची सही ते परत येणार नाही म्हणून. मला सही करताना वाईट वाटलं, ते मी लपवलं नाही. निखिलनं पाण्याचा पेला पुढं केला. त्या दिवशी त्यानं सुनंदाकडं भाकरी मागून घेतली, तेव्हा मला कळलं, की आमचं मिटलं.

खोडवा जुलैत निघाला. अडीच पोती भात, त्यात पोचट बरंच, पण दाणा तांबडाच्या तांबडा. निखिल रजा टाकून कापायला आला होता आणि अक्कानं त्यालाही युरिया आणायला पाठवलं, जरी आता युरियाचं काही काम नव्हतं. पुढच्या आठवड्यात कंपनीनं ताबा घेतला.

आता खरी परीक्षा राहिली होती. खोडव्याचा दाणा एकदम पिकत नाही, मागंपुढं होतो. म्हणून खोडव्याचं बी धरू नये असं आमचं पुस्तक सांगतं, आणि मीच ते शेकडो लोकांना सांगितलेलं. नवं भात लगेच उगवत नाही, म्हणून महिनाभर ते झोपू दिलं, मग निवडलेले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात दहाच्या दहा ओळींत ठेवले आणि सुनंदाच्या परातीत झाकले. शंभरात ऐंशीच्या खाली उगवलं तर त्याला बी म्हणायचं नाही, हा नियम. आठवडाभर मी परातीभोवती घिरट्या घातल्या. मोजणीच्या सकाळी मालूरला जायला निघालेली अक्का गोणी घेऊन आमच्याकडं आली. मी दोनदा मोजलं. एप्पत्तमूरु. त्र्याहत्तर.

मी तिला सांगितलं, की अक्का, सात कमी पडले. नियमानं हे बी नाही. माझा चेहरा बघून सुनंदानं कॉफी तिच्यापुढं ठेवली आणि ती आत गेली नाही, तिथंच थांबली.

अक्कानं कॉफीचा घोट घेतला. ती कन्नडमध्ये बोलली, मी मराठीत देतो. "मला तीन पोरं झाली. त्यातली एकच मातीत उगवली. तुझी शंभरात त्र्याहत्तर आली, आणि तू तोंड पाडून बसलायस?"

सुनंदा हसायला लागली, मग मीही. मी परात उचलून कचऱ्याच्या डब्याकडं निघालो. मोजणी झाली की कोंब फेकायचे, ही आमची रीतच. केंद्रात मी असे किती हजार टाकले असतील कोण जाणे. अक्कानं माझा हात धरला. फडक्यातले ते त्र्याहत्तर कोंब तिनं एकेक सरळ केले, फडकं पाण्यानं भिजवलं आणि अलगद गुंडाळून मांडीवर घेतलं.

"मोजून झालं म्हणून कुणी टाकतं होय?" ती म्हणाली. "चल, बस कुठं लागते ते दाखव. ऊन व्हायच्या आत लावायचेत."